सरळ रस्ता आणि जड पापण्या

अपघातातला रुग्ण शुद्धीवर आला की डॉक्टर त्याला पहिला प्रश्न विचारतात, "काय झालं होतं?" या प्रश्नाची उत्तरे वर्षानुवर्षे ठरलेली होती. समोरून ट्रक अंगावर आला, ढोर आडवे गेले, खड्डा चुकवायला गेलो, पावसात गाडी घसरली. अलीकडे मात्र एक निराळेच उत्तर ऐकू येऊ लागले आहे. काही महिन्यांपूर्वी भाड्याची गाडी चालवणारा एक पंचेचाळिशीचा गृहस्थ हात मोडून आमच्याकडे आला. तो म्हणाला, "डाक्टरसाहेब, काय झालं ते मलेच समजलं नाही. रस्ता मोकया होता, सरय होता. झोप गिप काही नोती. गाडी आपली चालू होती, अन् एकदम समोर टरकचं मागचं फाटक दिसलं."

'झोप नव्हती' असे हा मनुष्य अगदी प्रामाणिकपणे सांगत होता. तरीही तो झोपलेला होता. हे कसे घडते ते आज पाहू.

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या भागाला नवा असला तरी आता परका राहिलेला नाही. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. अमरावती जिल्ह्यात तो धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून जातो. अकोला जिल्ह्यात त्याचा रस्ता नाही, पण अकोलेकर वाशीम जिल्ह्यात शेलूबाजारला किंवा मालेगावला जाऊन त्यावर चढतात. या रस्त्यावर सायकल नाही, दुचाकी नाही, बैलगाडी नाही, चौक नाही, सिग्नल नाही. मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची परवानगी आहे. पूर्वी ज्या प्रवासाला पूर्ण रात्र लागे, तो आता दुपारच्या जेवणानंतर निघून रात्रीच्या जेवणापर्यंत होतो. रस्ता उत्तम आहे, यात शंका नाही. अडचण आहे ती त्यावर बसून जाणाऱ्या शरीराची.

आपला मेंदू बदलाला जागा राहतो. अमरावतीच्या राजकमल चौकातून गाडी काढताना कुणालाही झोप येत नाही, कारण दर क्षणाला काहीतरी नवे समोर येते. क्लच, ब्रेक, हॉर्न, आडवा आलेला ऑटोरिक्षा, हात दाखवून मध्येच घुसणारा मोटारसायकलवाला. मनुष्य वैतागतो, पण जागा राहतो. याउलट समृद्धीवर तास तास स्टिअरिंग जवळपास हलवावेच लागत नाही. इंजिनाचा एकसुरी आवाज, काँक्रीटवरून जाणाऱ्या टायरांची तीच ती घरघर आणि समोर तीच पांढरी रेघ. पाळण्यातल्या बाळाला आपण याच उपायांनी झोपवतो! डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर, पण मन कुठेच नाही, अशी अवस्था येते. तिला महामार्गाचे संमोहन म्हणतात. मागची वीस किलोमीटर आपण कशी आलो हे चालकाला आठवत नाही, तेव्हा तो याच अवस्थेतून आलेला असतो. समृद्धीवरील अपघातांचा २०२३ साली नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेतील संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा त्यांनीही या संमोहनाकडे बोट दाखवले होते.

यापुढची पायरी म्हणजे क्षणभराची डुलकी. ती दोन-चार सेकंदांची असते. कधी डोळे मिटतात, कधी उघडे राहतात, पण मेंदू पाहण्याचे काम थांबवतो. जागे झाल्यावर आपण झोपलो होतो याची आठवण बहुधा नसते, म्हणून आमच्या रुग्णाचे 'झोप नोती' हे उत्तर खोटे म्हणता येत नाही. आता हिशेब करा. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे १३० मीटरहून जास्त अंतर. एस.टी.च्या बारा गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी रांग होईल, तेवढे अंतर या गाडीला चालक नव्हता.

झोपेचे घड्याळ

झोप केव्हा येणार हे आपल्या इच्छेवर थोडेच असते. शरीरात एक घड्याळ आहे आणि ते दिवसातून दोनदा आपल्याला खाली ओढते. मध्यरात्रीनंतर, विशेषतः २ ते ५ या वेळात, आणि दुसऱ्यांदा दुपारी २ ते ४ च्या सुमारास. दुपारची ओढ सौम्य असते, पण भरपेट जेवण आणि वऱ्हाडातले ऊन यांची जोड मिळाली की तीही पुरेशी ठरते.

१ जुलै २०२३ च्या रात्री दीडच्या सुमारास सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, सैलानी बाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची गाडी वैजापूरजवळ ट्रकवर मागून आदळली आणि १२ जण गेले. या अपघातांच्या कारणांची चर्चा पुष्कळ झाली. ती येथे पुन्हा करायची नाही. वाचकांनी दोन्ही अपघातांची वेळ तेवढी पाहावी.

घड्याळाखेरीज आणखी एक गोष्ट मोजावी लागते, ती म्हणजे आपण किती तासांपासून जागे आहोत. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग सतरा तास जागा असलेला मनुष्य हाताच्या कौशल्याचे काम जितके वाईट करतो, तितकेच वाईट काम रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेला मनुष्य करतो, असे त्यांना आढळले. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. याचा अर्थ असा की सकाळी सहाला उठून दिवसभर दुकान किंवा कचेरी करून रात्री अकराला गाडी काढणारा निर्व्यसनी, माळकरी मनुष्यसुद्धा चालक म्हणून दोन पेग घेतलेल्यासारखाच असतो. फरक इतकाच, की त्याच्या तोंडाला वास येत नाही आणि कुठलेही यंत्र त्याला पकडत नाही.

दिवाळीला पुण्याहून गावी येणारी आपली मुले आठवा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कंपनीत काम करून रात्री नऊला निघतात. 'रात्री ट्रॅफिक नसते, सकाळी चहाला घरी' असे फोनवर सांगतात. आई थालीपिठाचे पीठ भिजवून वाट पाहते. पाचशे किलोमीटरहून लांबचा हा प्रवास त्यांनी शनिवारी सकाळी सुरू केला तर दुपारी घरी पोहोचतील. एक जेवण चुकेल, एवढेच नुकसान. त्यांना 'लवकर या' म्हणणारे आपणच असतो, तेव्हा हे त्यांना सांगायचे कामही आपलेच.

झोप घालवण्याचे जे उपाय लोकप्रिय आहेत, त्यांतले बहुतेक निरुपयोगी आहेत. काच खाली करणे, मोठ्याने गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे यांनी काही मिनिटे बरे वाटते आणि डुलकी पुढच्या दहा किलोमीटरवर सरकते. आपल्याकडचा खास उपाय म्हणजे खर्रा. तंबाखूने घटकाभर तरतरी येते हे खरे, पण तोंडाच्या कर्करोगाचे दान पदरात घेऊनही झोपेचे कर्ज फिटत नाही. (शिवाय धावत्या गाडीचे दार किलकिले करून पिचकारी टाकणारे चालक मी स्वतः पाहिले आहेत. त्या क्षणी ते रस्त्याकडे कसे पाहत असतील, हे त्यांनाच ठाऊक.)

झोपेवर खरा उपाय झोपच. पापण्या जड होणे, एकामागून एक जांभया, मान झुकून एकदम दचकणे, गाडी रेघेवर जाऊन खडखडाट होणे, मागचे काही किलोमीटर न आठवणे, यांतले एक जरी लक्षण दिसले तरी पुढचा पेट्रोल पंप किंवा बाहेर पडायचा फाटा आला की गाडी घ्यावी. तेथे एक कप कडक कॉफी किंवा चहा घ्यावा आणि लगेच, चहाचा परिणाम होण्यापूर्वीच, सीट मागे करून पंधरा-वीस मिनिटे झोपावे. चहा-कॉफीतील कॅफिनला रक्तात भिनायला वीस-तीस मिनिटे लागतात, त्यामुळे झोप आणि चहा दोघांचा फायदा एकदम मिळतो. इंग्लंडमधील संशोधकांनी चालकांवर प्रयोग करून हा उपाय उपयोगी असल्याचे दाखवले आहे. पण ही उसनी तरतरी आहे, तिच्यावर तास-दीड तासाचा रस्ता काढावा. पहाटेपर्यंत रेटू नये. झोपायला गाडी रस्त्याच्या कडेला मात्र कधीही लावू नये. कडेला उभे असलेले वाहन मागून येणाऱ्या पेंगुळलेल्या चालकासाठी भिंत असते.

सुरुवातीला समृद्धीवर थांबायच्या सोयीच नव्हत्या, त्यामुळे लोकांना न थांबता जाण्याची सवय लागली. विशेषतः स्त्रिया स्वच्छतागृहाच्या भीतीने पाणीच पीत नाहीत. शरीरात पाणी कमी पडले की थकवा आणि डोकेदुखी लवकर येते, आणि आता पुष्कळ घरांत गाडी स्त्रियाही चालवतात. दर दोन तासांनी थांबावे, पाय मोकळे करावेत, पाणी प्यावे आणि लघवीला जाऊन यावे. यात वीस मिनिटे जातील.

घोरणे, सर्दीची गोळी आणि साखर

त्या हात मोडलेल्या रुग्णाकडे पुन्हा वळू. मी त्याच्या पत्नीला विचारले, "हे घोरतात का?" ती हसली आणि म्हणाली, "घोरते म्हंजे? शेजारचे उठून बसते. अन् मधीच बंद होते, मंग मलेच भेव वाटते." निदान तिनेच सांगून टाकले होते. झोपेत श्वसनमार्ग बंद पडून श्वास अडकण्याचा हा विकार आहे. जाड मान, वाढलेले पोट, मोठे घोरणे आणि आठ तास झोपूनही दिवसा पेंग येणे ही त्याची लक्षणे. रात्रभरात अशी झोप अनेकदा तुटते, पण रुग्णाला त्याचा पत्ता नसतो. बसून काम करणाऱ्या, अवेळी खाणाऱ्या चालकांमध्ये तो सापडणे नवलाचे नाही. तपासणी आणि उपचार दोन्ही उपलब्ध आहेत. वजन कमी केल्यानेही पुष्कळ फरक पडतो. नवऱ्याच्या घोरण्याची थट्टा करणाऱ्या बायकांनी, तो गाडी चालवत असेल तर, ही थट्टा एकदा डॉक्टरांच्या कानावर घालावी.

सर्दी, खाज आणि खोकल्यावरच्या अनेक औषधांनी गुंगी येते. दुकानातून आपल्या मनाने घेतलेली सर्दीची गोळी किंवा खोकल्याचे औषध प्रवासाच्या दिवशी टाळावे, अथवा गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी. मधुमेहाचे जे रुग्ण इन्सुलिन घेतात, किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतात, त्यांनी जेवणाची वेळ चुकवून गाडी चालवू नये. साखर उतरली की घाम, थरथर आणि गोंधळ सुरू होतो, आणि त्या गोंधळात 'आपली साखर उतरली आहे' हेच सुचत नाही. खिशात साखर, गूळ किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी आणि निघण्यापूर्वी रक्तातली साखर तपासावी.

वेग डोळ्यांना कळत नाही

तासभर १२० च्या वेगाने गेलेल्या मनुष्याला ६० चा वेग रांगण्यासारखा वाटतो. डोळ्यांना त्या वेगाची सवय झालेली असते. हा धोका समृद्धीवर जितका आहे, त्याहून जास्त समृद्धी सोडल्यावर आहे. शिवणीला किंवा कारंज्याला खाली उतरलेली गाडी एका मिनिटात वेगळ्याच जगात येते. तेथे कापसाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली आहे, मागे दिवा नसलेली बैलगाडी आहे, शाळा सुटलेली मुले आहेत आणि तिन्हीसांजेला रस्ता ओलांडणारे रोही आहेत. चालक मात्र मनाने अजून समृद्धीवरच असतो. 'मी हळूच होतो' असे तो नंतर सांगतो, तेव्हा त्याचा काटा ८५ वर होता. म्हणून खाली उतरल्यावर पहिली दहा मिनिटे मनाचे ऐकू नये, काट्याकडे पाहावे.

आपला अमरावती-अकोला रस्ताही असाच फसवा झाला आहे. जून २०२२ मध्ये या रस्त्यावर ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण होऊन गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली, तेव्हा आपल्या सगळ्यांना अभिमान वाटला. रस्ता गुळगुळीत झाला, पण त्याच्या कडेची गावे तिथेच आहेत. मूर्तिजापूर काय, बोरगाव मंजू काय, लोक रस्ता ओलांडणारच आणि दुचाकीवाला अर्धा किलोमीटर वाचवायला उलट्या बाजूने येणारच. शेतकरी बांधवांना विनंती की ट्रॉलीच्या आणि बंडीच्या मागे लाल चकाकणारी पट्टी लावावी. किमतीने ती एका चहा-नाश्त्याइतकी आहे.

पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवावे हे मीटरमध्ये सांगून उपयोग नाही. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मनात 'एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन' असे सावकाश म्हणावे. तुमची गाडी त्यापूर्वी खांबाशी पोहोचली तर अंतर कमी आहे. रात्री, पावसात किंवा धुक्यात आणखी दोन आकडे मोजावेत. १२० च्या वेगाने तीन सेकंद म्हणजे शंभर मीटर. हे अंतर ठेवले की कुणीतरी मध्ये घुसतो ही तक्रार खरी आहे. घुसू द्यावे आणि पुन्हा मोजावे.

मागून प्रखर दिवे देत चिकटणाऱ्यांना डोळ्यांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. अंधारात पाहण्यासाठी डोळ्याच्या पडद्यात एक रंगद्रव्य असते आणि ते प्रखर प्रकाशाने विरून जाते. ते परत जमेपर्यंत चालकाला समोरचे नीट दिसत नाही. साठीनंतर ही वेळ वाढते. मोतीबिंदू सुरू झालेला असेल तर प्रत्येक दिव्याभोवती वलय पसरते. म्हणजे अप्पर मारून आपण पुढच्याला बाजूला करत नाही, त्याला काही सेकंद आंधळे करतो आणि मग त्याच्याच शेजारून गाडी काढतो. ट्रकवाल्यांनी डावी लेन धरावी, मोटारवाल्यांनी पुढे काढून झाल्यावर उजवी लेन सोडावी, हे नियम परवान्याच्या परीक्षेतले आहेत. रस्त्यावर ते किती दिसतात हे वाचकांना माहीत आहे.

मागच्या सीटवरचा पट्टा आपल्याकडे अजून शोभेचाच समजला जातो. उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातल्या अपघातात गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. १२० च्या वेगाने आदळणे म्हणजे सुमारे अठरा मजल्यांवरून खाली पडणे. आजीच्या मांडीवरचे नातवंड त्या क्षणी आजीच्या हातात राहत नाही, मग तिचे कितीही प्रेम असो. तसेच मूल पुढच्या सीटवर मांडीवर घेऊ नये. फुगणारी एअरबॅग त्याच्यासाठी जीवघेणी ठरते.

अपघात दिसला तर आपली गाडी पुढे सुरक्षित जागी घेऊन १०८ किंवा ११२ ला फोन करावा. जखमीला ओढून काढू नये, मानेला किंवा पाठीला मार असेल तर ओढण्याने कायमचा लकवा होऊ शकतो. आग किंवा धूर असेल तेव्हा मात्र वाट पाहू नये. वाहते रक्त स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. पाणी पाजू नये. पोलिसांच्या लफड्याची भीती बाळगू नये. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे आणि त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

एक गोष्ट लग्नसराईची. वऱ्हाडी मंडळी कार्यालयात जेवतात, आहेर करतात, दुपारी गाद्यांवर लवंडतात. त्यांना आणणारा चालक कुठे असतो? तो आवारात, उन्हात, गाडीतच. त्याला कुणीतरी पत्रावळीवर चार पुऱ्या आणून देतो. रात्री बाराला मंडळी म्हणतात, "चला, काढा गाडी", आणि पाच मिनिटांत सगळी मागे झोपी जातात. पहाटे चारपासून जागा असलेला तो एकटा माणूस सतरा जीव घेऊन निघतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने पगारी चालकासाठी दिवसाला आठ तासांचे काम आणि पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. लग्नाच्या गाडीपर्यंत तो कायदा कधी पोहोचला नाही. यजमानांनी एक खोली, एक पंखा आणि एक सतरंजी चालकांसाठी राखून ठेवली, तर मांडवाच्या खर्चात फरक पडणार नाही. आणि परतीच्या वाटेवर पुढच्या सीटवर बसणाऱ्याने झोपू नये. त्याने चालकाशी बोलावे आणि उत्तरे उशिरा येऊ लागली की गाडी थांबवायला सांगावे.

आमचा रुग्ण आता बरा आहे. त्याची झोपेची तपासणी झाली, उपचार सुरू आहेत, वजनही सहा किलोने उतरले आहे. मागच्या महिन्यात प्लास्टरनंतरचा हात दाखवायला आला तेव्हा सांगत होता, "परवा कारंज्यापाशी झोप आली, त लावली गाडी पंपावर अन् पाऊण घंटा झोपलो. उठून पायतो त मालकाचे तीन फोन."

मी विचारले, "मग? काय सांगितले?"

"सांगतलं, टायर पंचर झालं होतं. झोपलो म्हटलं असतं त ऐकते का तो?"